मला घरी नेणारं कोणी नव्हतं

कॅन्सस, ६ सप्टेंबर २०१५

ताई,

पाकिटावरचा पत्ता बघून कळलंच असेल, मी सुधारगृहातून बाहेर पडलो. तिथून लिहिलेल्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, पण ती परतही आली नाहीत. निदान दारातून आत तरी घेत असशील, असं धरून लिहितो.

मी आता इथल्या एका छोट्या कॉलेजात आहे, दोन वर्षांचं असतं तसल्या. आपल्या मोबील गावातल्या कुणाला हे ठिकाण सांगितलं तर तो म्हणेल, तिकडे माणसं राहतात? समुद्र नाही, झाडं नाहीत. वारा, आणि वाऱ्यावर गुरांच्या वाड्यांचा वास. लपायला एक झुडूपसुद्धा नाही. माझ्यासारख्याला बरंच आहे म्हणा.

सुधारगृहाच्या फुटबॉल टीममध्ये मी लाइनबॅकर खेळायचो. ओटिस मामा म्हणतो तसं, दरवानाचं काम. आपल्या आघाडीच्या मागे उभं राहायचं, समोरचे काय करणार ते ओळखायचं आणि चेंडू घेऊन जो येईल त्याला तिथेच लोळवायचं. तिथल्या एका शिक्षकानं माझ्या खेळाच्या फिती चारपाच कॉलेजांना पाठवल्या. उत्तर एकानंच दिलं. कोच डर्कसेन नावाचा लाल मानेचा, शेतकऱ्यासारखा दिसणारा गोरा माणूस दिवसभर गाडी चालवत आला. त्यानं मला बाकी काही विचारलं नाही. सकाळी कितीला उठतोस, एवढंच. मी म्हटलं, उठवतात तेव्हा. तो म्हणाला, मग आमच्याकडे लवकर उठशील.

त्या दिवसाबद्दल मी लिहीत नाही. मी तुझ्या घरात कपड्यांच्या टोपलीखाली पिस्तूल ठेवलं आणि ते तुझ्या चार वर्षांच्या झरियाच्या हाती लागलं, यात लिहिण्यासारखं उरलंय काय? तू पोलिसांना फोन केलास, बरोबर केलंस. न्यायाधीशबाईंनी विचारल्यावर “मी याला घरी नेणार नाही” म्हणालीस, तेही बरोबर. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. तुझ्याएवढा माझा हिशेब दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

मामा सांगत होता, झरियाचा डावा कान गेलाच. आता सहा वर्षांची झाली असेल. शाळेत पुढच्या बाकावर बसवतात का तिला?

जेवण चांगलं आहे. मिरपूड मात्र यांना माहीत नाही.

कॉर्टेझ


कॅन्सस, नोव्हेंबर २०१५

ताई,

मामाकडून कळण्याआधी मीच सांगतो. शनिवारी मला मैदानाबाहेर काढलं.

समोरच्या टीममधल्या एकाला कुठूनसं कळलं होतं मी कुठून आलोय ते. पहिल्या खेळीपासून तो मला “कैदी” म्हणत होता. नंतर म्हणाला, “कैदी, तुझी आई भेटायला येते का रे?” शिट्टी वाजून गेल्यावर मी त्याच्या अंगावर गेलो. हेल्मेट काढून मारायला निघालो होतो, चौघांनी धरलं.

कोच डर्कसेन ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. सामना संपल्यावर माझं बखोट धरून त्या मुलापुढे उभं केलं आणि म्हणाले, हात मिळव. मिळवला. मग बसकडे चालताना म्हणाले, “राग येतो म्हणून मी तुला आणलेलं नाही. राग माझ्या म्हशीसारख्या बहिणीलाही येतो. तू उभा राहतोस, म्हणून आणलंय. समोरून काहीही आलं तरी तुझे पाय हलत नाहीत.”

मुलं हसत होती. मला हसू आलं नाही. पाय हलत नाहीत म्हणे. ताई, तुला तर माहीत आहे.

पुढचं लिहवत नाही. इथे बर्फ पडायला लागलंय.

कॉर्टेझ


कॅन्सस, डिसेंबर २०१६

ताई,

टेनेसीतल्या मोठ्या कॉलेजानं मला घेतलं! शिक्षण, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडे. त्यांचा माणूस इथे आला, डर्कसेनांच्या ऑफिसात माझ्यासमोर बसला आणि मला “सर” म्हणाला. मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

खरं सांगायचं तर खेळामुळे नाही, इंग्रजीच्या परीक्षेमुळे अडलं होतं. मला नीट वाचता येत नाही हे तुला कधी कळू दिलं नव्हतं. तू दिवसभर शाळेची बस चालवून दमून यायचीस, वही बघायचीस आणि मी पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवायचो. इथल्या एका म्हाताऱ्या बाईनं, डर्कसेनांच्या चर्चमधल्या, वर्षभर रोज दुपारी मला शेजारी बसवून वाचायला लावलं. लहान पोरांच्या पुस्तकांपासून. पहिल्यांदा इतकी लाज वाटली की पाणी पिऊन येतो सांगून तासभर परतलोच नाही. परत आलो तर बाई तशीच बसलेली, बोट त्याच ओळीवर.

मामाला फोन केला. तो म्हणाला, “तुझ्या ताईला सांगितलं.” मी विचारलं, काय म्हणाली? म्हणाला, “हं म्हणाली.” कसं हं? चिडून, की बरं वाटून? तो म्हणाला, “बाबा रे, हं म्हणजे हं. मी मासे तळत होतो.”

त्या ‘हं’वर मी आठवडाभर जगलो.

कॉर्टेझ


टेनेसी, ९ सप्टेंबर २०१८

ताई,

बरेच महिने लिहिलं नाही. यंदा शेवटचं वर्ष. मला कप्तान केलंय. गेल्या वर्षी आमच्या विभागात सगळ्यात जास्त टॅकल, म्हणजे लोळवलेले गडी, माझे होते, हे मामानं चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं असेलच, न विचारता. मे महिन्यात पदवी मिळेल. समाजकार्य हा विषय घेतलाय. हसू नकोस.

एक गोष्ट तुझ्या कानावर येण्याआधी सांगायला हवी. कॉलेजानं माझ्यावर छोटी फिल्म केलीय. मिस हॅडली म्हणून प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या बाई आहेत, चांगल्या आहेत, सगळ्यांना नावानं ओळखतात. त्यांनी विचारलं, सुधारगृहात कसा गेलास? मी म्हटलं, वाईट संगतीत होतो. मग विचारलं, घरचे? मी म्हटलं, मला घरी नेणारं कोणी नव्हतं.

एवढंच बोललो. पुढचं त्यांनी जरा वाढवलंय. संगीतबिंगीत घातलंय. पहिल्या सामन्याआधी मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दाखवली. शेजारचा पोरगा, तीनशे पौंडांचा, रडला. तू बघितलीस तर फार मनावर घेऊ नकोस. जाहिरातच असते ती.

झरिया नऊची झाली ना? तिच्यासाठी टीमचा सदरा पाठवतोय. नको असेल तर राहू दे.

कॉर्टेझ


टेनेसी, ७ ऑक्टोबर २०१८

ताई,

मामाचा फोन आला होता. त्यानं “हॅलो”सुद्धा म्हटलं नाही. म्हणाला, “काय रे, टीव्हीवर अनाथ झालास म्हणे. मला कळवायचंस तरी. मी काळा सूट इस्त्री करून ठेवला असता.”

मी हसलो. तो हसला नाही.

मग त्यानं सांगितलं. ती फिल्म मोबीलच्या बातम्यांमध्येही दाखवली, ‘आपल्या गावचा मुलगा’ म्हणून. त्या फिल्ममध्ये गावातलंच कुणीतरी म्हणतं की सख्ख्या बहिणीनं कोर्टात पाठ फिरवली आणि सोळा वर्षांचं पोर रस्त्यावर आलं. चर्चमध्ये दोन बायका तुझ्या बाकावरून उठून दुसरीकडे बसल्या. आणि तुझ्या बसमधली पोरं मागून ओरडतात, “मिस टमीका, मला घरी न्याल ना? का मला पण सोडाल?” तू आरशात बघतेस आणि गाडी चालवत राहतेस. झरिया त्याच बसमध्ये असते.

मामा म्हणाला, “तिनं मला सांगितलं नाही. बसमधल्या एका पोराच्या आजीनं सांगितलं. तुझी ताई नेहमीसारखी जाते, नेहमीसारखी येते.”

ताई, मी बोललेलं वाक्य खोटं नव्हतं, असं स्वतःला समजावत होतो. मला घरी नेणारं खरंच कोणी नव्हतं. पण का नव्हतं, ते मी गिळलं. मिस हॅडली थांबल्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. मला पुढचं बोलायला वेळ होता. मी खाली बघितलं. त्यांना वाटलं, पोराला दुःख होतंय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी ठेवू दिला.

माझी लाज तुझ्या बसमध्ये चढली. तू ती रोज शाळेपर्यंत नेतेस.

मी हे निस्तरतो.

कॉर्टेझ


टेनेसी, २८ ऑक्टोबर २०१८

ताई,

निस्तरलं नाही.

मिस हॅडलींकडे गेलो. म्हटलं, ती फिल्म काढून टाका. त्या म्हणाल्या, का? मी म्हटलं, माझी बहीण तशी नाही. त्या म्हणाल्या, “कॉर्टेझ, यात तू न बोललेलं एकही वाक्य तुझ्या तोंडी नाही. काय चुकलंय ते सांग, मी दुरुस्त करते.” प्रामाणिकपणे विचारत होत्या. आणि मला ते सांगता आलं नाही. पिस्तूल हा शब्द घशापर्यंत आला. भिंतीवर माझाच फोटो होता, हेल्मेट हातात धरलेला. मी म्हटलं, तसं विशेष काही नाही, विचारून सांगतो.

सामने चालू आहेत. आम्ही जिंकतोय. शनिवारी लोक माझ्या नावाच्या पाट्या घेऊन येतात. एका पाटीवर लिहिलं होतं, ‘आम्ही तुझं घर’. टॅकल करून उठलो की ती दिसायची, म्हणून सामन्याच्या उत्तरार्धात मी त्या बाजूला बघायचंच सोडलं.

मामानं फोन उचलणं बंद केलंय.

कॉर्टेझ


टेनेसी, १६ डिसेंबर २०१८

ताई,

आता सांगितलं. सगळ्यांसमोर.

वर्षअखेरीला आमच्याकडे जेवण असतं, खेळाडू, माजी विद्यार्थी, देणगीदार, सगळे कोट घालून येतात. त्यात धैर्याचं म्हणून एक पारितोषिक देतात. यंदा मला दिलं. आधी ती फिल्म लावली. मग मला वर बोलावलं. खिशात आभाराचं भाषण होतं, मिस हॅडलींनी लिहून दिलेलं.

ते काढलं नाही. मी म्हटलं, ही फिल्म खोटी आहे. मला बहिणीनं टाकलं नाही. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं, तेव्हा ती स्वतः बावीस वर्षांची होती. मी तिच्या घरात दुसऱ्याचं पिस्तूल आणून लपवलं. तिच्या चार वर्षांच्या मुलीच्या हातात ते सुटलं. गोळी भिंतीत गेली, पण कानाजवळ बार झाल्यानं त्या पोरीला एका कानानं कायमचं ऐकू येईनासं झालं. बहिणीनं पोलिसांना बोलावलं, कारण घरात वाचवण्यासारखं एक लेकरू होतं आणि ते मी नव्हतो. हे पारितोषिक घ्यायची माझी लायकी नाही.

ते काचेचं होतं. मी टेबलावर ठेवलं आणि खाली उतरायला लागलो. मला वाटलं होतं, लोक गप्प बसतील. एखादा शिवी देईल. शिवी मला चालली असती.

ताई, ते सगळे उभे राहिले. टाळ्या वाजवायला लागले. थांबेचनात. एक म्हातारा देणगीदार मला मिठी मारून म्हणाला, याला म्हणतात धैर्य. मिस हॅडली रडत होत्या आणि म्हणत होत्या, तू हे मला आधी का नाही सांगितलंस, किती सुंदर आहे हे. आणि कुणीतरी ते काचेचं माझ्या हातात परत दिलं.

मी ते घेऊन खोलीवर आलो. खरं बोलूनही मीच मोठा झालो. काय करावं कळत नाही. पण निदान गावात आता तुझ्याबद्दल कुणी काही बोलणार नाही. एवढं तरी झालं.

नाताळच्या शुभेच्छा, तुला आणि झरियाला.

कॉर्टेझ


टेनेसी, ११ जानेवारी २०१९

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाच वर्षांत तुझं अक्षर पहिल्यांदा बघितलं. पाकीट हातात घेऊन आधी खाली बसलो, मग फोडलं.

ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. वाचता यायला लागलं याचं वाईट वाटावं, असं ते पत्र आहे, आणि मी ते जपून ठेवणार आहे. तू लिहिलंस, माझ्या भाषणाचा व्हिडिओ तुझ्या बसमध्ये एका मुलीच्या फोनवर लागला. तिनं तो झरियाला दाखवला. तू गाडी चालवत होतीस, आरशात तुला एवढंच दिसलं की झरिया फोन उजव्या कानाशी धरून ऐकतेय. घरी आल्यावर तिनं तुला विचारलं, “आई, मला ताप आला होता ना?”

मला माहीत नव्हतं. कान तापानं गेला असं तू तिला सांगितलं होतंस, हे मला मामानंही सांगितलं नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं. शेकडो लोकांना सांगायच्या आधी तुला एक फोन करायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तू लिहिलंस, “तू पुन्हा एकदा मला न विचारता माझ्या घरात काहीतरी आणून ठेवलंस, आणि पुन्हा ते तिच्याच हाती लागलं.”

मी धीट झालो म्हणून तिथे उभा राहिलो नव्हतो. मला ते ओझं सहन होत नव्हतं, म्हणून जिथे उतरवता आलं तिथे उतरवलं. खाली कोण उभं आहे ते बघितलं नाही.

तू शेवटी लिहिलंस की झरियाला तुला काही विचारायचं नाही, मला विचारायचं आहे, आणि ती हट्टाला पेटलीय. रविवारी यायला सांगितलंस. मी येतो. प्रश्नांची काही तयारी करून येणार नाही, ती जे विचारेल त्याला जे खरं असेल ते सांगेन. आणि तू म्हणतेस तसं घरात पाऊल ठेवणार नाही.

कॉर्टेझ


टेनेसी, ३ फेब्रुवारी २०१९

ताई,

मामाकडे निरोप दिलास, “ती काही सांगत नाही, त्याला सांग काय बोलणं झालं ते लिहून पाठव.” मी झरियाला त्याच दिवशी विचारून ठेवलं होतं, आईला सांगू का म्हणून. ती म्हणाली, तिनं विचारलं तर सांग. म्हणून लिहितो. काही गाळत नाही.

तू व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडल्या होत्यास. म्हणालीस, “आत नको. इथेच,” आणि समोर जाऊन गाडीत बसलीस, काचा वर करून, तोंड आमच्याकडे. तुला ऐकू येत नसणार, पण मी हात कुठे ठेवतो ते दिसत होतं. मी ते दोन्ही गुडघ्यांवर ठेवले.

झरिया बाहेर आली. माझ्या आठवणीत ती टेबलाखालून चालत जाणारी होती. आता कपाळ तुझं, आणि बघणंही तुझंच. मी एका खुर्चीवर बसलेलो. ती म्हणाली, “त्या खुर्चीवर बस. इकडून मला ऐकू येत नाही.” साधं सांगितलं, जशी एखादी म्हणते, इथे ऊन आहे. मी उठलो, दुसरीकडे बसलो.

तिनं विचारलं, “पिस्तूल तुझं होतं?”

मी म्हटलं, नाही, एका मोठ्या मुलाचं. त्यानं मला सांभाळायला दिलं होतं.

“तू का घेतलंस?”

मी म्हटलं, त्यानं इतक्यांतून मला निवडलं, म्हणून मला भारी वाटलं.

ती म्हणाली, “बावळट.” मी म्हटलं, हो.

मग तिनं टोपलीबद्दल विचारलं, रंग कसला होता, तिला आत काय शोधायचं होतं. मी सांगितलं, “तुझा पिवळा मोजा. मी सोफ्यावर लोळत होतो आणि तूच मला आधी विचारलं होतंस, माझा मोजा कुठे आहे. मी म्हटलं होतं, बघ टोपलीत.” ताई, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलासुद्धा नाही. मीच तिला टोपलीकडे पाठवलं. पिस्तूल तिथे आहे हे त्या क्षणी मी विसरलो होतो.

ती पायानं खुर्चीचा दांडा वाजवत बसली. मग म्हणाली, “मला उचललं कोणी?”

मी म्हटलं, आईनं. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, धावत आली.

“आणि तू?”

तू गाडीतून बघत होतीस, तेव्हा मी एकदा मान वर करून तुझ्याकडे बघितलं, आठवतंय? ते तेव्हा.

मी म्हटलं, “मी पळालो.”

“कुठे?”

“मागच्या ओढ्यापलीकडे. मला वाटलं, तू मेलीस.”

ती म्हणाली, “बघायलाही आला नाहीस?”

“नाही.”

“मग तुला कसं कळलं मी मेले नाही ते?”

“पोलिसांनी पकडल्यावर त्यांनी सांगितलं.”

तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, “तुझं वजन किती आहे?” मी म्हटलं, दोनशे पस्तीस पौंड. तेव्हा कमी होतं. ती म्हणाली, “माझं तेव्हा तीस असेल.” ती हसत नव्हती. मनाशी काहीतरी जुळवत होती.

मग म्हणाली, “पळाल्याचं तू व्हिडिओत सांगितलं नाहीस.”

मी म्हटलं, नाही.

“बाकीचं तर सगळं सांगितलंस. एवढ्या लोकांना.”

“बाकीचं सांगायला सोपं होतं.”

या उत्तरावर तिनं मान हलवली, जसं तिला ते पटलं. मला माफ केलं असा त्याचा अर्थ मी घेतलेला नाही आणि तूही घेऊ नकोस. नंतर तिनं मला मी पाठवलेल्या सदऱ्याबद्दल सांगितलं, की तो तू कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आहेस आणि तिला तो कुठे आहे हे माहीत आहे हे तुला माहीत नाही. हे तेवढं तिनं सांगू नकोस म्हटलं होतं का, ते आठवत नाही. सांगून टाकलं. तिच्यावर चिडू नकोस.

मी उठलो तेव्हा तिनं विचारलं, “तू परत येणार?” मी म्हटलं, ते मी ठरवायचं नाही. ती म्हणाली, “आईनं ठरवायचं?” मी म्हटलं, आईनं, आणि तिच्याआधी तू. ती म्हणाली, “मग मी विचार करते. हवं असलं तर आईला सांगीन.” मी म्हटलं, आणि नको असलं तर? “तर नाही सांगणार,” ती म्हणाली आणि आत गेली. दार तिनं हळू लावलं.

तू काच खाली केलीस तेव्हा मला वाटलं, काही बोलशील. तू म्हणालीस, “मामाकडे जेवून जा.” मी जेवलो. तीन मासे खाल्ले. त्यानं पुन्हा माझ्याशी बोलायला सुरुवात केलीय, म्हणजे शिव्या द्यायला.

इथे आल्यावर मिस हॅडलींना भेटलो. फिल्म काढून टाकायला सांगितली आणि या वेळी का ते सांगितलं. त्यामागे एका लहान मुलीची गोष्ट आहे आणि ती सांगायचा मला हक्क नव्हता, म्हणून माझ्या भाषणाचा व्हिडिओही काढा म्हटलं. कॉलेजानं आपल्या बाजूनं दोन्ही उतरवलं. बाकी लोकांच्या फोनमध्ये राहिलंय ते राहणारच. व्यावसायिक टीमचे लोक मार्चमध्ये आमची धाव आणि उडी मोजायला येतात. घेतलं तर घेतलं. त्यांनी लहानपणाचं विचारलं तर मी सांगेन की ती माझ्या घरातली गोष्ट आहे, विचारून सांगावी लागते. मे महिन्यात पदवी आहे, त्या समारंभाच्या दोन जागा माझ्या नावावर असतात. मी त्या कुणालाही दिलेल्या नाहीत आणि तुलाही बोलवत नाही. रिकाम्या राहिल्या तरी चालतील.

मी परत येण्याबद्दल झरियानं अजून तुला काही सांगितलं नसेल. नसेल सांगितलं, तर तिला आठवण करून देऊ नकोस.

कॉर्टेझ